एकास नऊ : टेक्सस ए अँड एमच्या फुटबॉलचे १९५४ साल

टेक्सस ए अँड एम विद्यापीठाला ४ ऑक्टोबर २०२६ रोजी दीडशे वर्षे पूर्ण होत आहेत. त्यानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेत फुटबॉलवर एक प्रकरण असणार, हे कॉलेज स्टेशनला एक सेमिस्टर काढलेल्या माणसालाही वेगळे सांगावे लागत नाही. प्रश्न एवढाच होता की साल कुठले घ्यायचे. १९३९ चे राष्ट्रीय अजिंक्यपद आहे. महाविद्यालयीन फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणारी हाइजमन ट्रॉफी आहे, १९५७ ची आणि २०१२ ची. मी १९५४ घेतले. त्या वर्षी नवा प्रशिक्षक आला, दहा सामने झाले, नऊ हरलो, एक जिंकलो. याहून वाईट हंगामही या संस्थेने पाहिले आहेत, पण ज्यावर पुस्तक निघाले आणि टीव्हीसाठी चित्रपट निघाला असा हरलेला हंगाम हा एकच. आणि त्याची जी गोष्ट वर्षानुवर्षे सांगितली जाते, ती मला निम्मीच पटते. उरलेली निम्मी इथे मांडायची आहे.

आधी संस्थेविषयी थोडे. १८६२ च्या मॉरिल कायद्याने अमेरिकेतल्या राज्यांना शेतकी आणि यांत्रिकी शिक्षणाच्या कॉलेजांसाठी सरकारी जमिनी मिळाल्या. त्यातून ब्रेझॉस काउंटीच्या उघड्या माळावर १८७६ साली हे कॉलेज उभे राहिले. टेक्ससमधली ही पहिली सरकारी उच्चशिक्षण संस्था. गाव असे नव्हतेच. कॉलेजपाशी आगगाडी थांबायची म्हणून त्या थांब्याचे नाव कॉलेज स्टेशन पडले, आणि पुढे तेच गावाचे झाले. लष्करी शिक्षण सुरुवातीपासून होते. दुसऱ्या महायुद्धात इथले वीस हजारांवर माजी विद्यार्थी लढले, त्यांतले चौदा हजार अधिकारी होते. नाव बदलून विद्यापीठ झाले ते १९६३ मध्ये. मुलींना आणि कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना दरवाजे उघडले तेही त्याच वर्षी. म्हणजे आपण ज्या १९५४ विषयी बोलतो आहोत तेव्हाचा कॅम्पस म्हणजे सगळे गोरे, सगळे मुलगे आणि बरेचसे गणवेशात. इथे संध्याकाळी करण्याजोगे फारसे काही नव्हते, अशी तक्रार त्या काळच्या मुलांनी पुष्कळ करून ठेवली आहे. चांगल्या खेळाडूला अशा ठिकाणी यायला राजी करणे किती अवघड जात असेल, याची कल्पना त्यावरून यावी.

आता खेळ. आपल्या मराठी मंडळींपैकी बहुतेक जण इथे यंत्र, स्थापत्य, पेट्रोलियम नाहीतर संख्याशास्त्र शिकायला आले आणि पहिल्या सप्टेंबरमध्येच कोणीतरी त्यांना काइल फील्ड या इथल्या स्टेडियमवर नेले. अमेरिकन फुटबॉल समजायला दोन-तीन सामने जातात. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे, नाही जमले तर चेंडू समोरच्यांच्या हाती. अखेरची रेषा ओलांडली की टचडाउन, म्हणजे सहा गुण. नियम कळण्याच्या आधी कळते ते असे की विद्यार्थ्यांच्या बाजूला कोणी बसत नाही. साडेतीन-चार तास सगळे उभे. क्रिकेटच्या मैदानावर डबे उघडून बसणाऱ्या आपल्या माणसाचे पाय दुसऱ्या क्वार्टरलाच बोलायला लागतात.

हे उभे राहणे १९२२ पासूनचे मानले जाते. २ जानेवारीला डॅलसमध्ये सेंटर कॉलेजशी सामना होता. ए अँड एमचे खेळाडू एकामागून एक जायबंदी होत गेले. ई. किंग गिल नावाचा विद्यार्थी वर पत्रकारांच्या कक्षात बसून खाली कोण खेळतो आहे ते ओळखून सांगत होता. प्रशिक्षक डेना बायबल यांनी त्याला खाली बोलावले. त्याने जखमी खेळाडूचा पोशाख चढवला आणि सामना संपेपर्यंत बाजूला तयारीत उभा राहिला. मैदानात उतरायची वेळ आलीच नाही, ए अँड एमने २२-१४ असा सामना मारला. हा ‘बारावा गडी’, आणि त्याच्यासारखेच तयारीत म्हणून विद्यार्थी उभे असतात. स्टेडियमबाहेर त्याचा पुतळा आहे. एक तपशील मात्र घाईत सुटतो. गिल त्या दिवशी फुटबॉल संघात नव्हता. हंगाम संपल्यावर तो फुटबॉल सोडून बास्केटबॉलच्या सरावाला लागला होता.

१९३९ च्या अजिंक्यपदानंतर दहा वर्षांत फुटबॉलची पार रया गेली. १९४८ मध्ये एकही विजय नाही, नऊ पराभव आणि एक बरोबरी. १९४९ मध्ये एक विजय. १९५० चे साल बरे गेले, पण १९५२ आणि १९५३ मध्ये पुन्हा पराभवच जास्त. इकडे ऑस्टिनला टेक्सस विद्यापीठ, म्हणजे घरचेच वैरी, जोरात. दर थँक्सगिव्हिंगला त्यांच्याशी गाठ पडायची आणि बहुतेक वेळा मान खाली घालून परतावे लागायचे. माजी विद्यार्थ्यांचा संयम संपला होता. त्यांत तेलाचा पैसा केलेले कमी नव्हते, आणि पैसा टाकला की माणूस मिळतो हा त्यांचा अनुभव होता.

माणूस मिळाला तो पॉल ब्रायंट. अर्कान्सामधल्या गरीब शेतकरी घरातला. तेराव्या वर्षी गावात आलेल्या खेळवाल्यांच्या अस्वलाशी झुंजायला उतरला म्हणून ‘बेअर’ हे नाव चिकटले ते कायमचे. अलाबामाकडून खेळताना पायाचे हाड मोडलेले असताना १९३५ मध्ये टेनेसीविरुद्ध मैदानात उतरले होते. पुढच्या सगळ्या गोष्टींचे मूळ त्या पायात असावे असा माझा तर्क आहे. ज्याने स्वतः मोडलेल्या हाडावर सामना खेळून काढला, त्याला दुसऱ्याचे ‘आता होत नाही’ सहजासहजी ऐकू येत नाही. केंटकीत आठ वर्षांत त्यांनी संघ नावारूपाला आणला होता, पण तिथे राज्य होते बास्केटबॉलचे प्रशिक्षक ॲडॉल्फ रप यांचे. दुसऱ्या नंबरवर राहणे ब्रायंट यांच्या स्वभावात नव्हते.

१९५४ च्या फेब्रुवारीत ते कॉलेज स्टेशनला आले. ‘द ग्रोव्ह’ या उघड्या रंगमंचावर रात्री हजारो विद्यार्थी जमले होते. ब्रायंट यांनी कोट काढून जमिनीवर फेकला आणि तुडवला, मग टाय काढून तुडवला, मग बाह्या सरसावून ध्वनिक्षेपकाकडे वळले. पोरे वेडी झाली. नऊ महिन्यांनंतरचा गुणतक्ता कोणाच्या स्वप्नातही नव्हता.

वसंतातल्या सरावात ब्रायंट यांनी संघ पारखला आणि तो त्यांना मऊ वाटला. सप्टेंबरच्या पहिल्या तारखेला त्यांनी खेळाडूंना बसमध्ये बसवले. कुठे जायचे ते सांगितले नव्हते. पश्चिमेला सुमारे चारशे किलोमीटरवर, हिल कंट्रीत, जंक्शन नावाच्या छोट्या गावाबाहेर कॉलेजची एक शाखावजा जागा होती. पालक, माजी विद्यार्थी, मैत्रिणी, सगळ्यांपासून लांब. गावाजवळून साउथ लानो नदी वाहते, पण त्या सालची गोष्ट निराळी होती. टेक्ससमध्ये १९५० पासून दुष्काळ चालला होता, तो १९५७ पर्यंत हटला नाही. शेवटी शेवटी २५४ पैकी २४४ काउंटी आपत्तीग्रस्त ठरल्या. त्या दुष्काळाच्या ऐन मध्यावर ही मुले तिथे उतरली.

राहायला अर्धगोल पत्र्याच्या छपराच्या खोल्या. पंख्यावाचून. सरावाचे मैदान म्हणजे वाळलेली जमीन, त्यात दगड, निवडुंग आणि काटेरी गवताची बोंडे. मुले हातांवर खाली बसायची तेव्हा ती बोंडे तळहातात रुतायची. उजाडण्याआधी उठवायचे, ऊन चढायच्या आत एक सराव, दुपारनंतर दुसरा, रात्री बैठका. पारा शंभर फॅरनहाइटच्या वर, म्हणजे आपल्या हिशेबाने अडतीसच्या पुढे. अंगावर खांद्याचे जाड पॅड, डोक्यावर शिरस्त्राण. आणि सरावात पाणी नाही. पाणी प्यायल्याने माणूस ढिला पडतो, पोटात पेटके येतात, ही त्या काळच्या प्रशिक्षकांची सर्वसाधारण समजूत होती. ब्रायंट त्याला अपवाद नव्हते, फक्त त्यांनी ती शेवटच्या टोकाला नेली. कोल्हापूरच्या तालमीतला वस्ताद पठ्ठ्याला घामाने न्हाऊ घालतो, पण मातीतून वर आल्यावर थंडाईचा लोटा ठरलेला असतो. जंक्शनला तो लोटा नव्हता. एक मुलगा उष्माघाताने कोसळला आणि मरता मरता वाचला.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून गळती लागली. कोणी प्रशिक्षकाला सांगून गेले, बरेचसे रात्री, खोलीतल्या सोबत्याला न उठवता गेले. गावातल्या बसथांब्यावर पहाटे दोन-चार मोठ्या अंगाची पोरे पेटीवर बसलेली असायची म्हणतात. त्यांत गेल्या सालचे नामांकित खेळाडूही होते. एक नावाजलेला खेळाडू निघून गेला आणि मन बदलून परत आला, तेव्हा ब्रायंट यांनी त्याला घेतले नाही. किती गेले आणि किती उरले याचे आकडे सांगणाऱ्यागणिक बदलतात. शंभराच्या आसपास गेले आणि पस्तिसाच्या आतबाहेर परतले, एवढे बहुतेकांना मान्य आहे. दोन बसमधून गेलो आणि एकीतून आलो, असे त्यांच्यातलाच जीन स्टॉलिंग्ज पुढे हसत सांगायचा. दहा दिवसांनी शिबिर संपले.

आता हंगाम. इथे एक नियम ध्यानात घ्यायला हवा, जो जंक्शनच्या गोष्टीत सहसा कोणी सांगत नाही. १९५३ मध्ये महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये खेळाडू हवे तसे बदलण्यावर बंदी आली होती. आज आक्रमणाचे अकरा वेगळे आणि बचावाचे अकरा वेगळे असतात. तेव्हा मैदानातले तेच अकरा दोन्ही करायचे. अशा खेळात संघाची सगळी मदार मागच्या फळीवर, म्हणजे पहिल्या अकरांना दम खायला सोडल्यावर उतरणाऱ्यांवर. जंक्शनने नेमकी तीच फळी रिकामी केली होती. कणखर मुले उरली असतील, पण तिसऱ्या क्वार्टरच्या शेवटी कणखर मुलालाही धाप लागते.

पहिला सामना शिबिर संपून जेमतेम आठवडा होतो न होतो तोच, घरच्या मैदानावर, टेक्सस टेकशी. ९-४१ असे हरलो. ओक्लाहोमा ए अँड एमकडूनही हरलो. मग २ ऑक्टोबरला जॉर्जियाच्या घरी जाऊन ६-० ने जिंकलो. एक टचडाउन, आणि उरलेला वेळ नुसता अडवण्यात. जॉर्जियाचा संघ दांडगा होता, आणि त्यांच्या मैदानावर त्यांना एकही गुण मिळू दिला नाही. हंगामातला विजय तो हाच. त्यानंतर सात सामने, सात पराभव.

मात्र ते सात नीट पाहिले तर टेक्सस टेकसारखी दाणादाण पुन्हा उडालेली दिसत नाही. टेक्सस ख्रिश्चनशी २०-२१, एका गुणाने हरलो. त्या वर्षी साउथवेस्ट कॉन्फरन्सचे, म्हणजे आपल्याच गटाचे, विजेतेपद घेणाऱ्या अर्कान्साशी ७-१४. सदर्न मेथडिस्टशी ३-६. शेवटी ऑस्टिनला टेक्ससशी १३-२२. सामना हातात यायचा आणि शेवटच्या क्वार्टरला निसटायचा. ताज्या दमाचे आणखी आठ-दहा खेळाडू असते तर यांतले दोन-तीन सामने उलटले असते, असे मला हे गुण पाहून वाटते. हरलेल्याने असे हिशेब मांडू नयेत, पण माजी विद्यार्थी दुसरे करतात काय? कॉन्फरन्समधले सहाच्या सहा सामने गेले.

अडतीस वर्षांच्या प्रशिक्षकीत ब्रायंट यांचा हा एकमेव हंगाम, ज्यात पराभव विजयांहून जास्त झाले.

हंगामभर विद्यार्थी मात्र येत राहिले. सामन्याच्या आदल्या रात्रीचा घोषणांचा सराव, म्हणजे ‘यल प्रॅक्टिस’, चुकला नाही. इथे चिअरलीडर मुलींची परंपरा नाही. विद्यार्थ्यांनीच निवडून दिलेली पाच मुले पांढऱ्या कपड्यांत हातवारे करून सांगतात आणि हजारो कंठ त्याबरहुकूम ओरडतात. ॲगी (म्हणजे इथले आजी-माजी विद्यार्थी) हरत नाहीत, त्यांची वेळ संपते, हे इथले लाडके वचन त्या साली किती वेळा म्हटले गेले असेल! ऑस्टिनवाल्यांना ते हास्यास्पद वाटते. आम्हालाही वाटते, पण आम्ही ते म्हणतो.

पुढचे सगळ्यांना तोंडपाठ आहे. १९५५ मध्ये सात विजय. त्यात राइसविरुद्ध शेवटची तीनेक मिनिटे उरली असताना ०-१२ अशा पिछाडीवरून २०-१२ ने मारलेला सामना. १९५६ मध्ये नऊ विजय, एक बरोबरी, पराभव शून्य आणि कॉन्फरन्सचे विजेतेपद. टेक्सस ख्रिश्चनला भर वादळात ७-६ ने हरवले. आणि ऑस्टिनच्या मेमोरियल स्टेडियमवर टेक्ससला ३४-२१ ने. ते स्टेडियम १९२४ साली बांधले गेले, तेव्हापासून तिथे आपण एकदाही जिंकलो नव्हतो. दोन वर्षांपूर्वी तिथूनच शेवटच्या सामन्याचा पराभव घेऊन परतलो होतो. मग गोष्ट अशी बनली की जंक्शनच्या भट्टीत पोरे तावून निघाली, एक हंगाम मार खाल्ला, आणि दोन वर्षांत अजिंक्य झाली. व्यवस्थापनाच्या व्याख्यानांत ती अजून ऐकू येते. चार स्लाइड, शेवटी टाळ्या.

माझी अडचण इथे आहे. १९५६ चा अजिंक्य संघ पाहिला तर त्यात जंक्शनला गेलेले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. जॅक पार्डी आणि स्टॉलिंग्ज त्यांतले. दोघेही मोलाचे. पण संघाचा कणा होता जॉन डेव्हिड क्रो आणि त्याच्या वर्गातली पोरे, म्हणजे चार्ली क्रूगर, बॉबी जो कॉनरॅड वगैरे. हे सगळे १९५४ मध्ये पहिल्या वर्षाला होते, आणि तेव्हाच्या नियमाप्रमाणे पहिल्या वर्षाच्या मुलांना मुख्य संघात खेळता येत नसे. म्हणून त्यांना जंक्शनला नेलेच नव्हते. १९५७ ची हाइजमन ट्रॉफी क्रोला मिळाली. ब्रायंट यांच्या साऱ्या कारकिर्दीत ती मिळवणारा तो एकटाच खेळाडू. त्याने जंक्शनची धूळ खाल्ली नव्हती, रोजच्या सरावात पाणी न पिता इतरांसारखा राबला असेल तेवढाच.

ही पोरे इथे आली कशी, हेही इतिहासात यायला हवे. आली ती ब्रायंट यांच्या नावामुळे, आणि काही जण माजी विद्यार्थ्यांच्या पैशामुळे. खेळाडूंना आणताना नियम मोडल्याबद्दल १९५५ मध्ये संस्थेवर कारवाई झाली. म्हणूनच १९५६ चा तो अजिंक्य संघ विजेतेपद मिळवूनही हंगामानंतरच्या मानाच्या सामन्याला, कॉटन बाउलला, जाऊ शकला नाही, आपल्याऐवजी टेक्सस ख्रिश्चन गेले. काही मुलांना पैसे मिळत होते हे ब्रायंट यांनी पुढे आत्मचरित्रात स्वतःच कबूल केले. म्हणजे हरलेल्या हंगामानंतरच्या यशाचे श्रेय वाटायचे तर जंक्शनला त्यातला एक वाटा जाईल. मोठा वाटा भरतीला, आणि त्या भरतीतला काही भाग सांगण्यासारखा नाही. स्मरणिकेत हे लिहावे का, असे मला एका ज्येष्ठ ॲगीने विचारले. शिक्षा संस्थेला झाली, संस्थेच्या स्मरणिकेत तिची नोंद नको तर कुठे हवी?

१९५७ मध्ये पहिले आठ सामने जिंकून आपण देशात पहिल्या क्रमांकावर होतो. तेवढ्यात ब्रायंट अलाबामाला परत जाणार ही बातमी फुटली. पुढचे तीनही सामने हरलो, राइसशी एका गुणाने, टेक्ससशी दोन गुणांनी, गेटर बाउलमध्ये टेनेसीशी तीन गुणांनी. आईने हाक मारली की जावेच लागते, असे ब्रायंट म्हणाले आणि गेले. अलाबामात पंचवीस वर्षांत सहा राष्ट्रीय विजेतेपदे. इथे मागे काय राहिले? १९५८ ते १९६६ अशी नऊ वर्षे, ज्यांत एकाही हंगामात विजय पराभवांहून जास्त झाले नाहीत. भट्टीत तावलेली परंपरा चारच वर्षे टिकली.

आता राहिले ते शिबिरातून गेलेले. त्यांच्यावर पुस्तक नाही. गोष्टीत त्यांचे काम एवढेच, की ते गेल्याने उरलेल्यांचे धैर्य उठून दिसते. पण ती एकोणीस-वीस वर्षांची पोरे होती, त्यांतल्या अनेकांच्या घरी दुष्काळाने शेत जळालेले, आणि त्यांच्यासाठी फुटबॉलची शिष्यवृत्ती म्हणजे शिक्षणाचा खर्च. तो सोडून रात्री चालत बसथांबा गाठायचा निर्णय सोपा नसणार. त्यांच्या अंगाने त्यांना जे सांगितले ते वैद्यकशास्त्राने पुढे मान्य केले. आज शिबिराच्या पहिल्या दिवसांत पूर्ण पोशाखात सराव घेता येत नाही आणि पाणी रोखणाऱ्या प्रशिक्षकाची नोकरी जाते. २०१८ मध्ये मेरीलँड विद्यापीठाचा एक खेळाडू सरावात उष्माघाताने कोसळला आणि पंधरवड्यात गेला. त्या वर्षीच प्रशिक्षकाला काढले. ब्रायंट यांची मुख्य प्रशिक्षक म्हणून पहिली नोकरी १९४५ मध्ये त्याच मेरीलँडला होती. १९५४ मध्ये जंक्शनला तो मुलगा वाचला नसता, तर आज ही गोष्ट कोणी प्रेरणेसाठी सांगितली नसती.

ज्यांच्या हातात ॲगी रिंग आहे त्यांना पुढचे लगेच कळेल. सोन्याची जड अंगठी, वर ढाल, कडेने पदवीच्या वर्षाचे आकडे. विद्यार्थी असेपर्यंत ती आकडे आपल्याकडे करून घालायची आणि पदवी मिळाली की फिरवून जगाकडे करायची. १९७९ मध्ये, पंचवीस वर्षांनी, जंक्शनला राहिलेले सगळे पुन्हा त्याच गावी जमले आणि ब्रायंट यांनाही बोलावले. त्यांना शंका होती की ही माणसे आपल्याला शिव्या घालतील. त्यांनी दिली ती एक अंगठी. १९८३ च्या जानेवारीत ब्रायंट गेले तेव्हा त्यांच्याजवळ विजेतेपदांच्या अंगठ्यांचा ढीग होता, पण बोटात होती ती जंक्शनची, असे सांगतात. अलाबामाच्या लोकांनाही ती गोष्ट मान्य आहे.

या प्रेमावर मला शंका घ्यायची नाही. जे राहिले त्यांनी त्या माणसावर खरोखर जीव लावला. पार्डी पुढे व्यावसायिक फुटबॉलमध्ये खेळला, कर्करोगातून उठून पुन्हा खेळला, मग शिकागो, वॉशिंग्टन आणि ह्यूस्टनच्या संघांचा प्रशिक्षक झाला. त्याच्यासारख्यांनी जंक्शनला जन्मभर मोठे मानले. माझे म्हणणे फक्त इतिहासाच्या नोंदीपुरते आहे. दरवर्षी २१ एप्रिलला जगभरचे ॲगी ‘मस्टर’ला जमतात. वर्षभरात गेलेल्यांची नावे पुकारतात आणि त्यांच्या वतीने कोणीतरी ‘हजर’ म्हणते. ती यादी वाचताना अमका जंक्शनला टिकला की पळाला असा शेरा कोणी वाचत नाही. स्मरणिकेनेही तेवढा शहाणपणा दाखवावा.

स्टॉलिंग्जची हकीकत सांगून हे प्रकरण संपवतो, कारण नव्या प्रशिक्षकाचा हरलेला हंगाम म्हणजे काय हे त्यांच्याइतके दोन्ही बाजूंनी कोणी पाहिले नसेल. अलाबामात ब्रायंट यांच्या हाताखाली सात वर्षे काढून १९६५ मध्ये ते ए अँड एमचे मुख्य प्रशिक्षक म्हणून परतले, वयाची तिशी नुकती आलेली. पहिला हंगाम तीन विजय, सात पराभव. दुसराही पराभवाचाच. तिसऱ्याची, म्हणजे १९६७ ची सुरुवात ओळीने चार पराभवांनी झाली, आणि लोकांनी नव्या माणसाची नावे घ्यायला सुरुवात केली. मग संघाने सहाच्या सहा सामने जिंकले, कॉन्फरन्स जिंकली आणि १ जानेवारी १९६८ ला डॅलसच्या कॉटन बाउलमध्ये समोर कोण, तर ब्रायंट यांचे अलाबामा. ए अँड एमने २०-१६ ने हरवले. सामना संपताच ब्रायंट धावत आले आणि त्यांनी आपल्या जुन्या पोराला उचलून धरले. तो फोटो इथल्या पुष्कळ घरांत आणि दुकानांत आहे.

फोटोखाली पुढची चार वर्षे लिहिलेली नसतात. १९६८ आणि १९६९ मध्ये प्रत्येकी तीन विजय, १९७० मध्ये दोन, १९७१ मध्ये पाच. सात वर्षांचा एकूण जमाखर्च २७ विजय, ४५ पराभव, एक बरोबरी. १९७१ च्या अखेरीस संस्थेने स्टॉलिंग्ज यांना काढून टाकले. ते व्यावसायिक फुटबॉलकडे गेले, आणि १९९२ मध्ये अलाबामाला राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवून दिले. त्यांच्या इथल्या शेवटच्या पडत्या हंगामांत काइल फील्डवर पांढऱ्या कपड्यांत हातवारे करणाऱ्या यल लीडरांमध्ये रिक पेरी नावाचा एक मुलगा होता, १९७२ चा पदवीधर. तो पुढे टेक्ससचा गव्हर्नर झाला, आणि २००५ मध्ये त्याने स्टॉलिंग्ज यांना ए अँड एमच्याच नियामक मंडळावर नेमले.